नाव कोरलेला पेला

गिरण्या, बँका, कारखाने मला आता व्याख्यानाला बोलावतात. सगळ्या जातीधर्मांच्या माणसांनी एका छपराखाली कसं काम करावं, कुणाला न दुखवता नोटीस कशी लिहावी, हे मी सांगतो. विद्यापीठाच्या नावाचा तंटा मिटल्यापासून ही बोलावणी वाढली. लोक सल्लागार म्हणतात, हार घालतात. तो हार गळ्यात पडला की माझं डोकं फिरतं. हे लिहिणं मी कुठं शिकलो, ते मला माहीत आहे.

नामांतराची धग चालू होती तेव्हा मी परभणीत कापसाचा व्यवहार करणाऱ्या एका संस्थेत पत्रव्यवहार पाहायचो. मी झरीचा, जमीनदार घरातला. आमच्याकडच्या खेड्यांत वस्त्या जळत होत्या आणि कार्यालयात त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. तशात सोनपेठचा एक तरुण टंकलेखक म्हणून आला. दलित. वर्षभर काम नीट केलं, शेरा चांगला पडला, तर कायम होणार होता. त्याच्या घरात नोकरीला लागलेला तो पहिलाच.

आल्या दिवशी त्यानं माठातलं पाणी घेतलं, पेला विसळून जागेवर ठेवला. त्यानंतर माठाला कुणी शिवलं नाही. सगळे समोरच्या हॉटेलात जाऊन पाणी पिऊ लागले. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला आत बोलावलं.

"तुमची लेखणी चांगली हाय. कायतरी असं लिव्हा, की त्याच्यात ना कुणाचं नाव, ना जात. बोभाटा नको."

मी म्हणालो, "बघतो साहेब."

एवढंच. ताडकन उठून बाहेर यायला हवं होतं. उलट मला चेवच आला. अर्ध्या तासात लिहून दिलं: कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येकास नाव कोरलेला स्वतंत्र पेला देण्यात येत आहे, इतरांचा पेला वापरू नये. भांड्याच्या दुकानातून स्टीलचे पेले आले, नावं कोरून. साहेब खूश. माठाशी पुन्हा वर्दळ सुरू झाली.

महिन्याभरात कुणी कुणाच्याही पेल्यानं पाणी पिऊ लागलं. हाताला येईल तो घ्यायचा. मीही घ्यायचो. फक्त एक पेला फळीच्या टोकाला, सगळ्यांपासून वीतभर लांब. तो तिथं कोण सरकवतं, हे कुणी विचारलं नाही. तेही माझ्या नोटिशीनं झाकून टाकलं होतं.

मग एका उन्हाच्या दुपारी त्या टंकलेखकानं दुसऱ्याचा पेला उचलला. तो निघाला नेमका हेडक्लार्कचा.

"नोटीस वाचता येत न्हाई का रे?" हेडक्लार्क म्हणाले.

"येती की साहेब. मीच टाईप केलीय. पण सकाळी तुमीबी दुसऱ्याच्याच पेल्यानं पाणी पिलात. नियम सगळेच मोडायलेत, फक्त माझा पेला सोडून."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानंच घात झाला. हेडक्लार्क तडक साहेबांकडं गेले आणि मेमो लिहायचं काम माझ्याकडं आलं. कार्यालयीन सूचनेचा भंग व वरिष्ठांशी उर्मट वर्तन. मसुदा लिहिला, टायपिंगच्या ट्रेमध्ये टाकला. टंकलेखक आमच्याकडं एकच होता, हे मला ट्रेमध्ये कागद टाकताना आठवलं नाही. की आठवलं होतं? आज खोटं बोलायचं नाही. आठवलं होतं.

त्यानं स्वतःचा मेमो स्वतः टाईप केला. कार्बन लावून तीन प्रती, एक खाडाखोड नाही. माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

"तपासून घ्या भाऊसाहेब. भाषा तुमची हाय, लय चांगली हाय."

वर्ष भरलं तेव्हा त्याच्या फायलीत तेवढा एकच कागद वाईट होता. तेवढा पुरला. तो गेला. हेडक्लार्कांना मी अजून शिव्या घालतो, साहेबांनाही. पण त्या दोघांना दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या. मी नसतो तर त्यांना तोंडानं बोलावं लागलं असतं. तोंडानं म्हणायची त्यांची छाती नव्हती.

गेल्या महिन्यात व्याख्यानासाठी सोनपेठला गेलो. बसस्टँडसमोर टायपिंगचा क्लास दिसला, दारात तो. केस पिकलेले. ओळखलं त्यानं.

"या भाऊसाहेब. पाणी घ्या."

पेला तोच होता. त्याचं नाव झिजलं होतं, तरी वाचता येत होतं. मी तो उचलला आणि ओठांपासून लांब धरून, वरून पाणी प्यालो. घरी मी असा कधीच पीत नाही.

तो बघत होता. पेला हातातून घेतला, विसळला, पुन्हा पाणी ओतून घेतलं आणि तोंड लावून प्याला. मग आतल्या पोरींना म्हणाला, "चला, पुढचं पान घ्या."

तासाभरानं मी व्याख्यान दिलं. टाळ्या पडल्या.