पाणी कोमट होतं

जैतूनखाला गेली त्या सकाळी मी नांदेडला एका कॉलेजच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटत होते. शिष्यवृत्तीबद्दल काहीतरी होतं... आता मजकूर आठवतही नाही. उदगीरहून अम्मीचा फोन आला. "खाला गेली. फजरच्या नमाजाला उठलीच नाही." मी काही बोलणार तोच म्हणाली, "रडत बसू नको, गाडी धर. पाणी तुझ्यासाठी थांबवलंय."

पाणी थांबवलंय म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात बाई वारली की तिला शेवटची आंघोळ बायाच घालतात. त्याला गुसल म्हणतात. बोरीची पानं उकळलेलं पाणी, शेवटच्या तांब्यात कापूर, घालणारीच्या हाताला कापडाची थैली आणि गेलेल्या बाईच्या अंगावर शेवटपर्यंत एक चादर. आमच्या मोहल्ल्यात हे काम चाळीसेक वर्षं जैतूनखालानं केलं. माझ्या दादीलाही तिनंच न्हाऊ घातलं. ती कुठून अशी परतली की ओट्यावरच्या बाया विचारायच्या, कशी होती गं ती, अंगावर काय दिसलं का. खालाचं उत्तर कधी बदललं नाही. "पाणी कोमट होतं," ती म्हणायची आणि घरात शिरायची.

नात्यानं ती आमची कुणी नव्हती. भिंतीला भिंत लागून घर, म्हणून खाला, म्हणजे मावशी. रंगानं काळी. सावळी नव्हे, काळीच, आणि केस इतके कुरळे की कंगवा त्यात उभा राहायचा. लोक मागं आणि कधी तोंडावरही तिला हबशीण म्हणायचे. ती मान वर करून सांगायची, "हाव, हाय मी हबशीण. माझा पणजा निजामाच्या फौजेत घोड्यावर होता. तुझा पणजा काय करीत होता, सांग बरं?" बहुतेकांना पणज्याचं नावही माहीत नसायचं. रंगावरून तिची तीन स्थळं परत गेली. चौथा आला तो पिंजारी. कापसात बसून बसून त्याला पांढऱ्याचा कंटाळा आला होता, असं ती सांगायची आणि आपणच आधी हसायची. मी सोळा वर्षांची असताना एका मामीनं मला गोरं करणारी क्रीम आणून दिली. खालानं ती ट्यूब माझ्या हातातून घेतली, आमच्या कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीला माखली, दार दोनदा उघडून मिटून बघितलं आणि म्हणाली, "उपयोगाची हाय की."

घरात ती दखनी बोलायची, बाजारात मराठी, आणि समोरच्या किराणा दुकानातल्या शिवकांतामावशीशी कानडीतून भांडायची. मावशी लिंगायत. त्यांच्यातही दफन असतं, पण बसवून. एकदा मी समोर असताना मावशी म्हणाल्या, "जैतून, मला मेल्यावर तरी तुझ्यासारखं आडवं करा म्हणावं. जन्मभर दुकानात बसले, तिथंबी बसायचंच का?"

"ये की आमच्याकडं. पण कलमा पढावा लागंल."

मावशींनी जरा विचार केला. "मग बसते बाई."

आता भांडणाचं सांगते, कारण खाला मला खरी कळली ती भांडणात. माझे अब्बा छापखान्यात कामाला. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट छापून वाटली पाहिजे असं मला वाटत आलंय. दोन वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या मुस्लिम बायांवर एक पुस्तिका करायला घेतली. आमच्याबद्दल बोलणारे दोन प्रकारचे. एक बाहेरचे, ज्यांना आम्ही सगळ्या एकाच बुरख्यात दिसतो. दुसरे आतले, जे गोंदण, हळद, हिरव्या बांगड्या यातलं काय आपलं आणि काय परकं याचा निवाडा देत फिरतात. आमच्या बायांना यातल्या एकानंही विचारलेलं नाही. मला पुरावा हवा होता, आणि तो खालाकडं होता. तीन पिढ्यांच्या बाया तिच्या हाताखालून गेल्या होत्या. कुणाच्या दंडावर काय गोंदलेलं, कुणाच्या कमरेला कुठल्या दर्ग्याचा धागा, कुणाच्या पाठीवर कसले वळ... हा आमचा इतिहास, आणि तो फक्त तिनं वाचलेला. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तिच्यासमोर ठेवला.

"ए पर्चेवाली, बंद कर ते."

"नावं नाही घेणार, खाला."

"नाव न घेता बी बाई ओळखू येती."

"मग हे सगळं मातीत जाईल!"

"गेलंच हाय की. मीच ठेवलंय." मग तिचा आवाज खाली आला. "बाई जन्मभर झाकून राहती. शेवटाला माझ्यापुढं येती, तवा तिला नको म्हणता बी येत न्हाई. आन् तिचं मी तुला लिहून देऊ?"

माझ्याकडं पत्रकभर उत्तरं होती. इथं त्यातलं एकही चाललं नसतं, म्हणून मी चिडून उठले आणि दोन महिने तिच्या दाराशी गेले नाही. गुडघे तिला साथ देत नव्हते, कळशी उचलवत नव्हती, नव्या पोरी या कामाला घाबरत होत्या. आपल्यामागं आपल्या बाया परक्या हातात जातील, ही काळजी तिला जाळत होती. माझं लक्ष माझ्या पुस्तिकेत होतं. शेवटी तीच आली. "बघायचंय ना तुला? मग चल. पाणी भर."

घबाड हाती लागल्यासारखी मी गेले. पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी वारली होती. मी चादर धरली, खाला पाणी घालत होती, उजवी बाजू आधी, अगदी सावकाश, जिवंत माणसाला भाजू नये अशा बेतानं पाणी बघून. म्हातारीशी ती बोलत होती, "आता कूस बदलते हं, बेटा." मी जे शोधत होते ते तिथं... नाही. एवढंही सांगायला नको.

बाहेर येऊन हात धुताना खाला म्हणाली, "हं, लिही आता."

मी वही उघडली नाही. ज्या क्षणी मी ती चादर धरली त्या क्षणी मीही बांधली गेले होते, आणि तिला हे आधीपासून माहीत होतं. "फसवलंस तू मला, खाला."

"हाव," ती म्हणाली आणि ओढणी खांद्यावरून घसरेपर्यंत हसली.

त्यानंतर सुट्टीत घरी आले की मी तिच्यासोबत जाऊ लागले. रागानं सुरुवात झाली होती, पण त्या खोल्यांतून परतताना मला दर वेळी बरंच वाटायचं, याचं मलाच नवल. पुस्तिकेचं काय करू, असं विचारलं तर म्हणाली, "मी तोंडानं सांगते ते लिही. माझा रंग लिही, पणजा लिही, पिंजारी लिही. हाताला लागलं ते नको." हा लेख त्या परवानगीवर लिहितेय.

आमची शेवटची भेट ओट्यावरची. माझ्या पिशवीतलं एक पत्रक तिनं काढलं, पालथं घातलं आणि म्हणाली, "हात ठेव." पेन्सिलीनं माझ्या हाताभोवती रेघ ओढली. मेंदीची नक्षी काढायची असेल, असं मला वाटलं. तिला वाचता येत नव्हतं. पत्रक उलटून तिनं विचारलं, "काय लिहिलंय ह्यात?"

"बायांना त्यांचे हक्क मिळाले पाहिजेत."

"सगळ्या बायांना?"

"सगळ्या."

"मेलेल्या बी?"

मी हसले होते...

अहमदपूरला गाडी बदलून उदगीरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. मशिदीतून आंघोळ घालायचा लाकडी तख्ता आला होता. बोरीची पानं शिवकांतामावशींनी स्वतः तोडून आणली होती आणि त्या दाराबाहेर बसून होत्या. अम्मीनं खालाची पेटी उघडली. कफन तिनं केव्हाच तयार ठेवलं होतं. त्यावर एक नवी थैली होती आणि घडी केलेलं माझं पत्रक, पाठीवर माझ्या हाताची रेघ, टाचणीच्या भोकांनी भरलेली. थैली हातात घातली. कुठं सैल नाही, कुठं घट्ट नाही. मी पाण्यात कोपर बुडवून बघितलं आणि उजव्या बाजूनं सुरुवात केली. "आता कूस बदलते हं, खाला," असं मीही म्हणाले.

वापरलेली थैली पुन्हा वापरायची नाही, असा तिचा नियम होता. ती मी कबरस्तानात पाठवली. पत्रक माझ्याकडं आहे. गेल्या आठवड्यात घरी होते, तेव्हा मागच्या गल्लीतून बोलावणं आलं. पत्रक कापडावर ठेवलं, त्या रेघेवरून दुसरी थैली कापली, शिवली आणि गेले. परतले तेव्हा अम्मी दारातच उभी होती.

"कशी होती गं ती?"

"पाणी कोमट होतं," मी म्हणाले आणि घरात शिरले.