सकाळी दहाची लुकलुक

आलेख सकाळी दहाचा होता आणि त्यात लुकलुक दिसत होती. ती तिथे असायला नको होती.

आयनोस्फिअर म्हणजे खूप उंचावरचा, उन्हामुळे विद्युतभारित झालेला हवेचा थर. सूर्य मावळला की आमच्या भागात त्यात कधीकधी बुडबुडे उठतात. उपग्रहाचा रेडिओ सिग्नल त्यांतून येताना चांदणीसारखा लुकलुकतो. बडोद्याला आमच्या विभागाच्या गच्चीवर तो टिपणारा रिसीव्हर होता. पण हे बुडबुडे संध्याकाळनंतरचे. भर सकाळी ते जवळपास नसतातच.

माझी विद्यार्थिनी वैशाली हिचा प्रबंध याच लुकलुकीवर होता. वय पस्तीस, एका कॉलेजात हंगामी लेक्चरर, घर दांडिया बाजारच्या मराठी वस्तीत, मुलगी पाचवीत. दोन वर्षांच्या नोंदींत तिला बुडबुड्यांचा एक नवाच मोसम सापडला होता. आमचा पेपर छापून आला होता. परीक्षकांचे रिपोर्ट चांगले होते, व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, बारा दिवसांवर होता. मी फक्त एका व्याख्यानासाठी दिवसाचा शांत आलेख शोधत होते.

दुसऱ्या दिवसाची नोंद काढली. लुकलुक होती, पण चार मिनिटं आधी. तिसऱ्या दिवशी आणखी चार मिनिटं आधी. आमचे उपग्रह रोज चार मिनिटं लवकर त्याच जागी येतात. बुडबुडे असं वेळापत्रक पाळत नाहीत. म्हणजे गडबड आकाशात नव्हती, अँटेनाजवळ होती.

गुडघ्यांमुळे मी कित्येक वर्षं गच्चीवर गेले नव्हते. कठडा धरून चढले. शेजारच्या इमारतीवर गळती थांबवायला पत्र्याची मोठी शेड उभी होती. सिग्नल थेट येत होता आणि पत्र्यावर आपटूनही येत होता. दोन्ही मिसळले की लुकलुक. वैशाली फक्त संध्याकाळच्या नोंदी तपासायची. रोजची चार मिनिटं महिन्याला दोन तास होतात, त्यामुळे ही लुकलुक वर्षातले थोडेच महिने संध्याकाळी पडायची. तोच तिचा मोसम.

शेडची फाइल मागवली. 'विभागाची हरकत नाही.' खाली विभागातर्फे माझी सही.

हेड पटेलसाहेबांना सगळं सांगितलं.

"जवा दो ने, बेन, जाऊ द्या," ते म्हणाले. "रिपोर्ट आलेत. कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय."

"तिची पीएच.डी.ची मुदत संपतेय. नवीन डेटाला दोन वर्षं लागतील. आधी व्हायव्हा होऊ दे, पेपरची दुरुस्ती मग पाठवा."

मला मोह झाला, हे कबूल करते. दोन दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वैशालीला बोलावून आलेख समोर ठेवले. दुसऱ्याच पानावर तिला कळलं.

"शेड कधी झाली?"

"तू रिसीव्हर सुरू केलास, त्याच्या पुढच्या महिन्यात. परवानगीवर सही माझी आहे. मी अँटेनाचा विचारच केला नाही."

"मॅडम, दिवसाचा डेटाही बघू का, असं मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, वेळ घालवू नकोस."

मला ते आठवत होतं.

"आता मला विचारायला बोलावलंत की सांगायला?"

"सांगायला," मी म्हणाले. "मी परीक्षकांना लिहिणार आहे."

तिने कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली.

चूक माझी आहे, असं मी परीक्षकांना आणि जर्नलला लिहिलं. व्हायव्हा रद्द झाला, पेपर मागे घेतला. मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः घेऊन फिरले. तो नामंजूर झाला. तिच्या कॉलेजला कायम करायला पीएच.डी. हवी होती. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याला घेतलं. आता ती बडोद्यातच, अकोटा भागात, एका क्लासमध्ये बारावीचं फिजिक्स शिकवते. माझं काहीच गेलं नाही. ठरल्या तारखेला निवृत्त झाले, शाल मिळाली.

एकदा भाजी घेताना ती भेटली. "केम छो, मॅडम?" म्हणाली आणि थांबली नाही. आठ वर्षांत ती माझ्याशी कधी गुजरातीत बोलली नव्हती.

नव्या संशोधकांना मी एवढंच सांगते: जिथे काही सापडायला नको, तिथलाही डेटा आधी बघा. आणि गाइड वेळ घालवू नकोस म्हणाली, तरी बघा.