हलीमा किनाऱ्यावर कोणी ओढली?

या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात की त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर आजही नाही. रत्नागिरीतल्या एका वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. भुताखेतांची पुस्तकं मी कपाटात लावली, लोकांना दिली, परत घेतली. वाचली मात्र नाहीत. शिवाय आम्ही मुसलमान. गेलेला माणूस मागे येऊन काही करतो, असं आमच्या घरात कोणी म्हटलं असतं तर अब्बांनी त्याला जेवणावरून उठवलं असतं. म्हणून जे घडलं ते फक्त घडलं तसं लिहिते. पण त्याआधी थोडं रागाचं लिहावं लागेल. राग आला नसता तर मी लिहायला बसलेच नसते.

माझा मोठा भाऊ – आम्ही त्याला भाई म्हणायचो – आखातात एका टगबोटीवर होता. जहाजं ओढून बंदरात आणायची, हे त्याचं काम. आमचे अब्बा रत्नागिरीच्याच मिरकरवाडा बंदरातले तांडेल, होडीवरचे मुख्य. त्यांच्या होडीचं नाव ‘हलीमा’, म्हणजे आमच्या अम्मीचं नाव. अब्बा गेल्यावर ती होडी विकली गेली आणि भाई परमुलखात गेला.

सात-आठ वर्षांपूर्वी सुट्टीवर आला असताना त्याने माझ्या संगणकावर एक ऑनलाइन खेळ बसवून दिला. एक छोटं मच्छीमार गाव, एक धक्का, एक होडी. जाळं टाकायचं, मासळी आणायची, बाजारात विकायची. मी हसले. मी म्हटलं, आयुष्यभर खऱ्या मासळीचा वास घेतला, आता काचेतली कशाला? तो म्हणाला, “तिथे बोटीवर चोवीस तास समुद्र हाय, पण आपला नाय.”

आम्ही दोघांत एकच खातं ठेवलं. त्याची पाळी संपली की तो बोटीच्या मेसमधल्या संगणकावरून होडी बाहेर काढायचा. मी वाचनालयातून घरी आले की त्याने आणलेली मासळी बाजारात लावायची. धक्क्यावर एक पाटी होती, तिच्यावर निरोप लिहिता यायचा. ‘आज सुरमई चांगली मिळाली, घाई करू नको.’ ‘कालचा भाव तू पाडलास.’ असे निरोप. होडीचं नाव अर्थात हलीमा.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या खेळात पावसाळा नव्हता. बारा महिने ऊन, बारा महिने मासेमारी. पण भाई दरवर्षी एकतीस मेला हलीमा पाण्याबाहेर काढायचा. जून-जुलै मासेमारीला बंदी म्हणजे बंदी. खेळात तशी सोयही नव्हती. ओंडके विकत घेऊन, एकेक पुढे सरकवत, होडी ढकलत तासभर घालवावा लागे. वर माडाच्या झापांऐवजी मासळी वाळवायच्या चटया टाकायचा. आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, समुद्राकडे. मिरकरवाड्यात सगळे होड्या जशा येतील तशा वर घेत, आमचे अब्बा मात्र माणसं लावून होडी फिरवून घेत. घराकडे पाठ असली तरी चालेल, म्हणत, पण तिला समुद्र दिसला पाहिजे. एक जूनला सकाळी मी संगणक लावला की हलीमा तशी बसलेली असायची.

या दोन महिन्यांत आमचे गुण कापले जायचे. खेळाकडून मेल यायचा – ‘आम्हाला तुमची आठवण येते, तुमचे मासे वाट पाहत आहेत.’ भाईने एकदा पाटीवर लिहिलं होतं, ‘मासे वाट बघतायत म्हणे. अंडी घालू दे त्यांना आधी.’

गेल्या जानेवारीत भाई तिथेच गेला. झोपेत, बोटीवरच. कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्याने सभ्यपणे विचारलं की मय्यत पाठवायला बरेच दिवस लागतील, इथेच दफन करायचं का. भाबी बोलण्याच्या स्थितीत नव्हती. हो मी म्हटलं. माझ्या त्या एका शब्दामुळे भाबीला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही, आणि आम्हाला माती द्यायला मिळाली नाही. ती कबर कुठल्या ओळीत आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही.

राहिलं काय? एक पेटी कपडे, आणि हलीमा. पाटीवर त्याचा शेवटचा निरोप होता – ‘बर्फ संपलाय, घेऊन ठेव.’ मी बर्फ घेऊन ठेवला. होडी मात्र बाहेर काढली नाही. आठवड्यातून एकदा नुसतं आत जायचं, कारण नव्वद दिवस कोणी फिरकलं नाही तर खातं पुसलं जातं असा त्यांचा नियम.

एप्रिलमध्ये सूचना आली. आमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली आहे. सव्वीस मेपासून हा खेळ ‘या संगणकावर समर्थित नसेल’. मराठी त्यांचंच. कृपया नवीन उपकरण घ्या.

मी घेतलंही असतं. पण पासवर्ड भाईला ठाऊक. माझ्या संगणकात तो त्यानेच साठवून ठेवला होता, मला कधी विचारावा लागला नाही. नव्या संगणकावर तो द्यावा लागणार, आणि विसरला असेल तर कोड जाणार भाईच्या तिकडच्या मोबाइलवर, जो केव्हाच बंद झाला. म्हणजे माझा हा जुना संगणक एवढी एकच वाट. ती त्यांनी बंद करायची ठरवली.

मी कंपनीला लिहिलं. सगळं सांगितलं, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं की माझ्या भावना ते समजू शकतात, मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव खातेदाराने स्वतः संपर्क साधावा. मी ते तीनदा वाचलं. खातेदाराने स्वतः. दाखला त्याच मेलला जोडलेला होता.

राग कशाचा ते सांगते. तो संगणक बिघडलेला नव्हता. पडदा स्वच्छ, कळा चालतात, पंखा थोडा आवाज करतो एवढंच. खेळही आदल्या दिवसापर्यंत चालत होता. मग सव्वीस तारखेला काय जुनं झालं? आमच्या वाचनालयात माझ्या आजोबांच्या वयाची पुस्तकं आहेत. पानं पिवळी पडलीत, पण उघडली की वाचता येतात. तुमचा चष्मा जुना आहे, नवीन आणल्याशिवाय मी उघडणार नाही, असं एकाही पुस्तकाने मला आजवर सांगितलं नाही. चालणारी वस्तू दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या टेबलावर, लांब बसून मेलेली ठरवायची, हा अधिकार यांना कोणी दिला? आणि वर म्हणायचं, तुमची आठवण येते.

मी ठरवलं होतं की एकतीस मेला यंदा हलीमा मी ओढेन. कसं करायचं ते येत नव्हतं, पण केलं असतं. माझी चूक ही की सव्वीस तारीख डोळ्यांसमोर असूनही मी आधी ओढली नाही. बंदी एक जूनला लागते. त्याआधी चांगली होडी वर घ्यायची हे अंगातच नाही आमच्या. पंचवीस तारखेला मी शेवटची आत गेले. हलीमा धक्क्याला, पाण्यात, दोरावर. सव्वीसला खेळाच्या जागी राखाडी चौकट आली – ‘हा संगणक समर्थित नाही’ – आणि खाली एकच बटण, ‘बंद करा’.

आता भाबीबद्दल. भाबीने हा खेळ कधी पाहिला नव्हता. तिला तो आवडत नसे, आणि कारण बरोबर होतं. भाई तिला शुक्रवारी दहा मिनिटं फोन करायचा, आणि माझ्यासाठी रोज पाटीवर लिहायचा. एकदा ती म्हणाली होती, “तुम्ही दोघं बहीणभाऊ मासे विका, मी हाय भात शिजवायला.” हसत म्हणाली, पण लागलं. भाईच्या चाळीसाव्या दिवसानंतर तिने मला विचारलं की ती होडी मला एकदा दाखवशील का. मी हो म्हटलं, आणि टाळत राहिले. ती पाटी वाचेल, इतके निरोप बघेल, याची मला लाज वाटत होती.

दोन जूनला, दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर, ती स्वतःच आली. बुरखा काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, “दाखव गो आता. किती दिवस लपवशील?”

मी तिला खरं ते सांगितलं. उशीर झाला, त्यांनी बंद केलं. दाखवलं असतंस तर दिसलं असतं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “लाव तर खरा. बंद तर बंद, ते तरी बघते.”

मी संगणक लावला. खेळाच्या चिन्हावर टिचकी मारली आणि त्या राखाडी चौकटीची वाट पाहत बसले. चौकट आली नाही. पंखा नेहमीसारखा घरघरला, पडदा निळा झाला, आणि आमचा किनारा उघडला.

धक्का रिकामा होता.

पहिल्यांदा मला वाटलं, खातं पुसलं. मग भाबीने बोट दाखवलं. डावीकडे, वाळूवर, ओंडक्यांवर बसवलेली हलीमा. वर चटया. नाळ समुद्राकडे.

मी आधी पाटी बघितली, हे कबूल करते. काही नवीन नव्हतं. ‘बर्फ संपलाय, घेऊन ठेव.’ एवढंच.

भाबीला मी नाळेचं समजावू लागले, अब्बांची सवय, वगैरे. तिचं लक्ष नव्हतं. ती पडद्याजवळ वाकून चटया बघत होती. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, “कोपरा सोडलान बघ.”

मला कळलं नाही. तिने दाखवलं. तीन चटया चारी बाजूंनी बांधलेल्या, फक्त मागचा एक कोपरा मोकळा, उलटा दुमडलेला. ती म्हणाली, तिकडे जाण्याआधी पावसाळ्यात आमच्या पडवीला निळं प्लास्टिक बांधायचा तर असाच एक कोपरा सोडायचा. मी दरवर्षी भांडायची, पाणी येतं म्हणून. ऐकायचा नाही. “वाऱ्याला जायला वाट ठेव, मग तो फाडत नाय, म्हणायचा.”

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एक जूनला मी ती होडी बघत होते, पण त्या कोपऱ्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. नाळ मी ओळखली, कोपरा तिने.

भाबीने मोबाइलवर एक फोटो काढला. जरा हललेला आहे, पण होडी दिसते. मग तिने मोबाइल पिशवीत ठेवला. ती म्हणाली, आता बंद कर, दमला असेल. मी बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला तेव्हा राखाडी चौकट होती. त्यानंतर आजपर्यंत चौकटच आहे.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी विचारून झालेय. दुरुस्तीवाल्याने संगणक दोन दिवस ठेवून घेतला. म्हणाला, हे होऊच शकत नाही ताई, जुनं व्हर्जन तिकडे जोडलंच जात नाही. संगणकात आधीचं चित्र साठलेलं असेल ते दिसलं. पण आधीचं चित्र धक्क्यावरच्या होडीचं हवं. गेल्या वर्षीचं असेल तर पाटीवर जानेवारीतला निरोप कसा? यावर त्याने पंखा साफ करून दिला.

भाईच्या बोटीवरच्या एका दाभोळच्या माणसाला फोन केला. मेसमधला संगणक मार्चमध्येच बदलला. पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. उलट त्यानेच विचारलं, “भाईला कसला खेळ? आम्हाला म्हणायचा, घरचं काम करतोय.”

कंपनीलाही विचारलं. त्यांचं उत्तर माझ्याकडे आहे – या खात्यात पंचवीस मेनंतर कोणीही प्रवेश केलेला नाही, आपली होडी धक्क्यावर आहे. मी भाबीचा फोटो पाठवला. उत्तर आलं की फोटोतलं उपकरण समर्थित नसल्यामुळे या तक्रारीची दखल घेता येत नाही.

म्हणजे दिसलेलं खोटं नाही, फक्त चुकीच्या संगणकावर दिसलं.

एक ऑगस्टला भाबी पुन्हा आली. तीच वेळ, जोहरनंतरची. येताना ती मिरकरवाड्यावरून आली होती. बंदी उठली होती, होड्या बाहेर पडत होत्या, बर्फाच्या गाड्या लागल्या होत्या. मी संगणक लावला. राखाडी चौकट. मी बंद करून पुन्हा लावला. चौकट. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दुःखाचं कमी, रागाचं जास्त होतं.

भाबीने माझा हात कळांवरून बाजूला केला. “राहू दे गो,” ती म्हणाली. “एक ऑगस्ट हाय. आज तो किनाऱ्यावर कसा मिळेल?”

नव्वद दिवस होऊन गेले. खातं पुसलं असेल. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे असायला हवं ते माझ्या संगणकाचं वय विचारतात. तो मी भंगारात दिलेला नाही, देणारही नाही. भाबीने सांगून ठेवलंय की येत्या एक जूनला ती सकाळीच येईल.