बाबांच्या ओठांवरचं पिण्याचं गाणं

बाबा आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा एअरपोर्टवरच मी त्यांना बजावलं होतं: एक थेंब जरी घेतलात, तर पुढच्या विमानाने पुण्याला. आई गेल्यावर त्यांनी दारू सोडली होती. पण आई असताना ती किती वेळा सोडून झाली होती, हे मी पाहिलेलं होतं. त्यामुळे माझा विश्वास जरा हातचा राखूनच होता.

पहिले काही महिने बरे गेले. मग बाबा गुणगुणायला लागले. आयुष्यभर रेडिओवर बातम्यांखेरीज काही न ऐकलेला हा माणूस जेवताना टेबलावर बोटांनी ठेका धरू लागला. शनिवारी सकाळी ‘जरा चालून येतो’ म्हणून जायचे आणि दुपारी घामाघूम, लालबुंद, खुशीत परतायचे. ती खुशी माझ्या चांगलीच ओळखीची होती. दार उघडायला मी मुद्दाम पुढे व्हायचे आणि पिशवी घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. वास नुसता घामाचा. पण वास लपवण्यात बाबा पटाईत. माझ्या लहानपणी आमच्या घरात बडीशेप कधी संपली नाही.

एकदा माझ्या मुलीने त्यांची ती चाल फोनला ऐकवली आणि गाणं शोधून काढलं. अमेरिकेतल्या गावाकडचं, गिटारीचं आणि टाळ्यांचं. ऐकता ऐकता माझाही पाय हलला, आणि त्याचा मला रागच आला. कारण गाणं सगळं पिण्याचं होतं. मित्र जमलेत, ग्लास भरलेत, उद्याचं उद्या बघू. आमच्या पुण्याच्या घरी अशीच मंडळी जमायची, आणि ती गेल्यावर आई फरशी पुसत बसायची.

“आजोबा सो हॅपी लाह,” मुलगी इथल्या लोकांसारखं शेवटी ‘लाह’ लावत म्हणाली. मी म्हटलं, तीच तर भीती आहे.

पुढच्या शनिवारी ऑफिसचं काम काढून मी त्यांच्या मागे गेले. वाटेत कॉफीशॉप लागलं; इथे त्यात बिअरही मिळते. तिथे सकाळीच बिअरच्या बाटल्या मांडून काही म्हातारे बसले होते. बाबा थबकले. मीही थांबले. पण ते रस्ता ओलांडायला थांबले होते. पलीकडच्या कम्युनिटी क्लबमध्ये ते शिरले.

आत लाइन डान्सचा क्लास चालला होता. काउबॉय हॅट घातलेल्या चिनी आंट्या रांगांमध्ये नाचत होत्या, आणि शेवटच्या रांगेत, स्पोर्ट्स शूज घालून, माझे बाबा. पाऊल एकही चुकत नव्हतं. गाणं तेच. भिंतीशी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. मला इतकं हलकं वाटलं की दारातच हसू फुटलं.

ध्रुवपद आलं की सगळ्याजणी हातातला नसलेला ग्लास उंच करून तोंडाला लावत. बाबांचे हात मात्र तेवढ्यापुरते पाठीमागे जात. शिकवणाऱ्या बाई ओरडल्या, “अंकल, हॅण्ड अप लाह.” बाबांनी हसून मान हलवली. हात मागेच राहिले.

क्लास सुटल्यावर त्यांनी मला दारात पाहिलं. इथे कशी, असं विचारलंही नाही. घरी चालत येताना मीच विषय काढला, की ग्लास तर खोटाच होता, मग हात वर करायला काय झालं?



“संशय काय तुला एकटीलाच येतो का गं?” ते म्हणाले. “मलाही येतो. माझाच.”