आलासीच्या बाबांचा फोटो

आमच्या वस्तीतल्या लुकासीला चाळिशीत अचानक कळलं की आपण इनुइट, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फातले, आहोत. आई लहानपणापासून सांगत होतीच, पण गळ्यात कॅमेरा पडेपर्यंत त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग मात्र वर्षभर ओटावात नुसता उच्छाद. "शहरात हरवलेली आपली ओळख शोधतोय," म्हणायचा. आम्ही हरवलो कधी होतो, ते त्यालाच ठाऊक. आम्ही जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेला कच्चा मासा खायला बसलो की हा खुर्चीवर चढून फोटो काढायचा, आणि तुकडा पुढं केला तर म्हणायचा, "नको गं, मला बाधतो."

तरी शेजारच्या आलासीनं त्याला फोटोसाठी होकार दिला. तिच्या वडिलांना, नुतारकना, ती लहान असताना क्षयासाठी दक्षिणेतल्या इस्पितळात नेलं, ते परत आलेच नाहीत. त्यांचा एकही फोटो नाही. त्यांचं नाव आता वरच्या मजल्यावरच्या पोरीला ठेवलंय. आमच्यात ज्याचं नाव ठेवलं, तो माणूसच परत आला असं धरतात; तेव्हा ती पोर म्हणजे आलासीचे बाबा. सत्तरीची आलासी माशाचा पहिला तुकडा त्या पोरीपुढं ठेवते, आणि यात कुणाला काही नवल वाटत नाही.

"बाबांसोबत माझा एक फोटो काढ, मग हवे तेवढे काढ," एवढीच तिची अट.

लुकासीनं आलासीची हॉकीची टोपी उतरवली, तिच्या अंगावर डांबरगोळ्यांचा वास मारणारा सीलच्या कातड्याचा कोट चढवला. नुतारक तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, हलू नका हं," आलासी म्हणाली. लुकासीनं मान डोलावली आणि बटण दाबलं.

प्रदर्शनाला आम्ही तिघी गेलो. फोटोत आलासी एकटीच. खाली लिहिलेलं, 'शहरात एकाकी'.

"बाबा कुठायत?" तिनं विचारलं.

"ती पोर? तिला चौकटीत घेतलंच नव्हतं, मावशी. एकटेपणा दिसायला नको का?"

"कुणाचा, तुझा?" मी म्हटलं. अकलेचा कांदा हसला.

नुतारक टाचा उंचावून फोटोत स्वतःला शोधत होती. "मी नाहीये यात," ती म्हणाली.

आलासीनं फोटो उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. "चला बाबा. तुम्हाला जागा नाही तिथं मी तरी कशाला टांगून घेऊ?"

दोघी हात धरून निघाल्या. लुकासीनं लगेच कॅमेरा उचलला. त्या फोटोत लेक आली आणि बापही आला, पण पाठमोरे. तोही त्यानं आलासीला दिला नाही. पुढच्या प्रदर्शनात लावलाय.