आजोबांची दाढी

पायाने स्टूल सरकवायचं आणि म्हणायचं, “बसा आधी. उभं राहिलं म्हणून पेशंट लवकर बरा होत नाही.” आमच्या बोरिवलीच्या हॉस्पिटलात आयसीयूत एक सिस्टर होत्या, त्या नातेवाइकांशी पहिलं बोलायच्या ते हे.

मी तिथला एक्स-रेवाला. मशीन ढकलत आत गेलो की, “आला फोटोग्राफर. आजोबांना स्माइल द्यायला सांग,” अशी माझी खेचायच्या. गोराईच्या ख्रिस्ती घरातल्या, आवाज खणखणीत. तुम्ही कधी आयसीयूबाहेर बसला असाल तर तिथे माणसं किती हळू बोलतात ते तुम्हाला माहीत असेल. सिस्टरना ते जमायचंच नाही.

पेशंट जाणार हे कळलं की त्या घरच्यांना काम लावायच्या. कुणी पायाला तेल चोळायचं, कुणी नखं कापायची. “मॉनिटरकडे बघत बसू नका, ती माझी नोकरी आहे,” म्हणायच्या. माणसं कामाला लागली की त्यांना बोलायचं सुचायचं.

एकदा कांदिवलीचे एक आजोबा होते. मूळचे मालवणचे, सगळा जन्म गिरणीत गेलेला. आता फार वेळ नाही, असं डॉक्टरांनी दोन्ही मुलांना सांगितलं होतं. मुलांनी ते आईपासून लपवलं. तिला वाटतंय साधा न्यूमोनिया आहे, म्हणाले.

“आईंना आणा,” सिस्टर म्हणाल्या.

“नको सिस्टर. तिला झेपणार नाही.”

मला त्या मुलांचा रागच आला. म्हातारीची शेवटची भेट हुकणार होती. सिस्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, “बरं. यांची दाढी घरी कोण करतं?”

“आईच. बाबांचा हात थरथरतो ना.”

“मग बोलवा तिलाच. माझ्याकडून कापेल.”

त्यांच्या हातून शेकडो दाढ्या झाल्या असतील. मी मान खाली घालून मशीनची वायर गुंडाळत राहिलो.

आजी आल्या. पिशवीत रेझर, ब्रश, वाटी. सिस्टरनी मुलांना बाहेर थांबवलं होतं. आजींनी मास्कच्या कडेने हलकेच फेस लावला आणि मान वर न करता म्हणाल्या, “माका सगळा ठावक आसा गो. पोरांका सांगू नको. तेंका सोसाचा नाय.”

सिस्टर हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग सरळ दार उघडून म्हणाल्या, “या आत दोघं. आईंना सगळं माहितीये. तुमची दोन्हीकडची गुपितं सांभाळायला माझ्याकडे जागा नाही.”

मुलं आत येऊन नुसती उभी. आजींनी थोरल्याकडे पाहिलं. “बघतंस काय? गाल ताणून धर.” त्याने वडिलांचा गाल धरला, धाकट्याने वाटी. मग तिघंही रडली, आणि दाढी मात्र नीट झाली. दुसऱ्या दिवशी आजोबा गेले.

सिस्टर आता निवृत्त झाल्यात. परवा दुसऱ्याच एका पेशंटच्या मुलाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “बाबा आता राहत नाहीत, हे आईला सांगू का हो?”

“आधी तिला आण,” मी म्हटलं.

त्याने आणली. ती माझ्याकडेच बघत उभी राहिली, आणि सिस्टरना जमायचं ते पुढचं काही मला येत नव्हतं.