माहेरासमोरचा लाल तारा

अक्काला कुणीही भेटलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. समोर पुरुष असला तर "कोना शेस तू?" आणि बाई असली तर "कोनी पोर शे तू?" म्हणजे कोणाचा, कोणाची. नाव नंतर, काम त्याच्याही नंतर. गॅसची टाकी आणणाऱ्याला तिने हे विचारलं होतं, बँकेच्या नव्या साहेबांना विचारलं होतं, आणि घरोघरची माणसं मोजायला आलेल्या बाईंची तर आधी स्वतःचीच सगळी मोजदाद करून घेतली होती. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड केलेला जाहिरातीचा फोन आला. पलीकडची बाई योजना सांगत होती आणि अक्का मधे मधे तिला कोनी पोर म्हणून विचारत होती. फोन आपोआप बंद झाल्यावर अक्का म्हणाली, "पोर गोड शे, पन ऐकस नही."

मी धुळ्याला देवपुरात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत वेबसाइट बनवते. तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती आणि 'प्रोफेशनल' हा शब्द माझ्या तोंडून दिवसाकाठी पन्नास वेळा निघायचा. एके दिवशी सुरतेहून अक्काच्या मुलाचा फोन आला. अक्का शिंदखेड्याला पाच बायकांना हाताशी घेऊन दर उन्हाळ्यात बिबडे करायची, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. पूर्वी माणसं दारात येऊन मागणी सांगून जात. ती माणसं आता थकली होती किंवा राहिली नव्हती, आणि त्यांच्या सुना बाजारातून पाकिटं आणत होत्या. मुलाचं म्हणणं, आईने आता सुरतेला यावं. आईचं म्हणणं, नाही. शेवटी मायलेकांत तह झाला की वेबसाइट करायची आणि आखाजीपर्यंत, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट पाहायची. नवी गिऱ्हाइकं आली तर अक्का शिंदखेड्यात राहील, नाही आली तर मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाईल. त्या फ्लॅटबद्दल अक्काची एकच तक्रार होती. "तठे धाबं नही." बिबडे वाळवायला गच्ची नाही त्या घरात माणूस दिवसभर करतं काय, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

मी पहिल्यांदा गेले ती पहाटेच. चुलीवर मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा रटरटत होता, लसूण-तिळाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. मी लॅपटॉप छातीशी धरून म्हणाले, "अक्का, मी वेबसाइटवाली. तुम्ही बोलावलं होतं ना?" 'तुम्ही' म्हटल्यावर अक्काने वळून मागे पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. मग तिचा प्रश्न आलाच. मी वडिलांचं नाव सांगितलं, चोपड्याचे म्हटलं, आईवडील दोघेही आता नाहीत आणि घर विकून टाकलं हेही सांगितलं. पत्ता सांगावा तसं सांगितलं मी, कारण तोवर मला त्याची सवय झाली होती. अक्का चुलीकडे वळली. तिने ताटलीत गरम घाटा वाढला, त्यावर कच्च्या तेलाची धार धरली, आणि मी तो संपवेपर्यंत लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

माझा तो लाडका शब्द तिने पहिल्याच दिवशी उचलला, पण 'परफेसनल' असा. दुपारपर्यंत तो पाचही बायकांच्या तोंडी गेला. ज्याच्या कडा पातळ तो बिबडा परफेसनल. वेळेवर दूध देणारी शेळी परफेसनल. शेजारच्या घरी नव्या जावयाने जेवून उठताना स्वतःचं ताट स्वतः उचललं, तर त्या जावयालाही हीच पदवी मिळाली. मी मात्र त्या अर्थाने तिच्या लेखी कधीच परफेसनल नव्हते, कारण मला ओल्या फडक्यावर एकही बिबडा गोल थापता आला नाही.

फोटोंची गंमत वेगळीच. मी पांढरा पडदा, दोन दिवे असा सगळा सरंजाम घेऊन गेले. अक्का मुलाच्या लग्नातली पैठणी नेसून आली, खुर्चीवर बसली आणि तिने श्वासच रोखला. पंचवीस फोटो काढले, प्रत्येकात ती न्यायालयात उभी असल्यासारखी दिसत होती. तेवढ्यात धाब्यावर कावळा उतरला. अक्काने पैठणीचा ओचा खोचला, काठी उचलली आणि जिना चढत कावळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सुटली. मी मागे पळता पळता बटण दाबलं. वेबसाइटवर लागला तो हाच फोटो. एका हातात काठी, डोक्यावरून घसरलेला पदर, आणि पायाशी ओळीने दोनशे बिबडे.

मग मजकूर. मी रात्रंदिवस इतरांच्या वेबसाइट वाचून एक वाक्य तयार केलं होतं: 'परंपरेची चव, विश्वासाचं नातं.' मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. अक्काने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "हाई कोन बोली राहिनं?" मी म्हणाले, अक्का, तूच बोलतेयस. (दुसऱ्या आठवड्यात माझं 'तुम्ही' गळून पडलं होतं.) ती म्हणाली, ती असं कधीच बोलली नाही आणि लोकांनी ऐकलं तर तिला बरं नाही असं समजून बघायला येतील. मी वाक्य खोडलं. तिथे अक्काने सांगितलं तसंच लिहिलं: ज्वारी शेतातली, तिखट घरचं, आणि थापणाऱ्या बायकांची नावं, त्यांच्या माहेरच्या गावांसकट.

वेबसाइट सुरू झाल्यावर आठवड्याभराने मी फार खुशीत शिंदखेड्याला गेले. किती लोकांनी पान उघडलं याचा आकडा मला दिसत होता, तो अक्काला दाखवला. दोनशे बारा. एकाचाही फोन आला नव्हता, पण सुरुवातीला असंच असतं हे मला ठाऊक होतं. अक्काचा चेहरा उतरला. तिने पाचही बायकांना हाक मारली आणि थापायचं काम थांबवलं. "दोनशे मानसं दारशी येई गयात," ती म्हणाली, "आनि आपन एकले बी पानी इचारं नही." एकीने तोंडाला पदर लावला. मी समजावलं की ती माणसं खरोखर आलेली नाहीत, आपापल्या घरी बसून नुसती बघून गेली. अक्का म्हणाली, मग तर आणखीच वाईट. बाहेरूनच बघून गेली, आणि आपण कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही, कशाला येतील परत?

तिचं म्हणणं असं की वेबसाइटने विचारलं पाहिजे. आल्या माणसाला आधी पाणी, मग कोणाचा ते, मग बिबडे. पाण्याचं मी काही करू शकत नव्हते, म्हणून वर 'या, बसा' एवढं लिहिलं. खाली निरोप पाठवायचा फॉर्म होता, त्यात नाव आणि फोन अशा दोनच जागा होत्या. अक्काने त्यात 'कोणाचे, कोणाची' घालायला लावलं, आणि त्याखाली 'माहेर'. मी हात जोडले. म्हटलं, अक्का, जगात कुठल्याही फॉर्ममध्ये माहेर विचारत नाहीत, लोक पळून जातील. तिने शांतपणे विचारलं की आत्ता कोण थांबतंय? मी दोन्ही जागा घातल्या. मग तिला कळलं की एखाद्या जागेपुढे लाल तारा लावला तर ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. तो तारा तिने माहेरापुढे लावून घेतला.

फॉर्म चालतो का हे पाहायला मी तिच्यासमोरच तो भरला. नाव भरलं, फोन नंबर भरला, वडिलांचं नाव भरलं. माहेराची जागा सोडली आणि बटण दाबलं. फॉर्म हलला नाही. ती जागा लाल झाली आणि खाली अक्षरं आली, 'हे भरणं आवश्यक आहे.' ती अक्षरं मीच लिहिली होती. मी हसत म्हणाले, अक्का, माझ्याकडे इथे भरण्यासारखं काही नाही, मी नुसती टिंबं देते. अक्का हातातलं फडकं पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग शिंदखेडं लिख." मी लिहिलं. फॉर्म लगेच गेला. मला एकदम रडू आलं आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू. फॉर्म भरणारे पळाले तर नाहीतच, ते थांबले आणि बोलत बसले. नाशिक, वापी, बंगळूर, एक तर थेट कॅनडाहून. सासरी गेलेल्या खान्देशातल्या लेकी त्या इवल्याशा चौकटीत माहेरच्या गावाबरोबर गल्ली, निंबाचं झाड, आखाजीचा झोका, काय काय लिहीत होत्या. काहींनी बिबडे हवेत हे लिहायचंच राहून गेलं होतं. अक्का प्रत्येकीला फोन करी आणि निदान एक तरी नातं शोधून काढल्याशिवाय खाली ठेवत नसे. नागपूरच्या एका गृहस्थांनी माहेरापुढे 'लागू नाही' असं लिहिलं. अक्काने फोन करून त्यांच्या बायकोचं माहेर विचारलं, ते निघालं खान्देशातलंच, सावद्याचं, आणि त्यांची मागणी दुप्पट झाली.

आखाजीच्या दोन दिवस आधी मुलगा गाडी घेऊन तिला न्यायला आला. अंगणात खोक्यांची रास लागलेली, बायकांना मान वर करायला फुरसत नाही. अक्काने त्याला पाणी दिलं, हातात काठी दिली आणि कावळे हाकलायला धाब्यावर पाठवलं. संध्याकाळी तो उन्हाने लालबुंद होऊन खाली आला आणि मुकाट्याने खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला. सुरतेचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

पुढे चार उन्हाळे अक्काने बिबडे केले. दर आखाजीला सकाळी तिचा फोन यायचा की निघालीस का, आणि मी निघालेली असायचे. मला अजून गोल बिबडा थापता येत नाही, माझे वाकडे बिबडे ती वेगळ्या फडक्यावर ठेवायची आणि ते विकायचे नाहीत म्हणून सगळ्यांना बजावायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. शेवटचे चार दिवस दवाखान्यात होती, तिथल्या नर्सचं आजोळ तिने शोधून काढलं होतं.

वेबसाइट बंद करायची का, हे मी मुलाला विचारू शकले नाही. ती तशीच चालू राहिली. यंदा चैत्र लागल्यावर एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. सुरतेची सूनबाई बोलत होती. आम्ही कधी भेटलो नव्हतो. ती शिंदखेड्याला येऊन राहिली होती, पाचही बायका होत्या, ज्वारी भिजत घातली होती, आणि अक्काच्या रिवाजाप्रमाणे ती फॉर्मची यादी पहिल्यापासून घेऊन एकेकीला फोन करत होती. यादीतलं पहिलं नाव माझं होतं. मी ते चाचणीचं आहे, गिऱ्हाइकाचं नाही, असं सांगणार होते.

"माहेर शिंदखेडं लिखेल शे," ती म्हणाली. माझ्या वडिलांच्या नावावरून तिला गावात नातं लागत नव्हतं, ती जरा घोटाळली. मग तिने तिच्या सासूच्याच सुरात विचारलं, "कोनी पोर शे तू?"

मी म्हणाले, "अक्कानी."